गिटार संवादाच्या मागे ठेवताना

बँडमध्ये गाणं किती मिनिटांचं करायचं हे वाजवणारे ठरवतात. चित्रपटात ते आधीच ठरलेलं असतं. बाई दारातून आत येते, डोक्यावरचं टोपलं उतरवते, नवऱ्याकडे बघते आणि वळते, हे सगळं २९ सेकंद आणि ११ फ्रेममध्ये होतं. संगीताला जे म्हणायचं असेल ते तेवढ्यात. रॉक वाजवणारा माणूस पार्श्वसंगीताकडे वळतो तेव्हा त्याला सगळ्यात जड जातं ते हे. भीती मात्र वेगळ्याच गोष्टींची वाटत असते, ऑर्केस्ट्राची, नोटेशनची, हार्मनीच्या पुस्तकांची. ते सगळं नंतर लागतं, आणि लहान कामांत बरंचसं लागतही नाही. आधी लागतं घड्याळ, आणि दुसऱ्याच्या आवाजासाठी जागा सोडायची सवय.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमधून बँड उभे राहतात, काही वर्षं वाजवतात आणि नोकरी-लग्नाच्या वयात विरतात. वाजवायला जागा थोड्या, तिकीट काढून येणारे त्याहून थोडे. त्याच शहरांत शॉर्ट फिल्म आणि माहितीपट करणारी मुलं मात्र वाढत आहेत. संभाजीनगरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएम विद्यापीठात फिल्म आर्ट्सचं शिक्षण मिळतं, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथं भरतो. या मुलांच्या फिल्ममधलं संगीत बहुतेक वेळा इंटरनेटवरच्या फुकट लायब्ररीतून उचललेलं असतं, आणि ते ऐकताक्षणी कळतं. मी बँडमधून या कामाकडे आलो तो याच दारानं. इथल्या बँडवाल्यांपैकी कुणाला यायचं असेल तर काम कसं चालतं, ते ज्या क्रमानं समोर येतं त्याच क्रमानं लिहितो.

रॉकमधून चित्रपटात गेलेल्यांची यादी मोठी आहे. ‘द पोलीस’चा ड्रमर स्ट्यूअर्ट कोपलँड आणि ‘डायर स्ट्रेट्स’चा मार्क नॉफ्लर यांचं पार्श्वसंगीत १९८३ मध्ये पडद्यावर आलं. ‘ओइंगो बोइंगो’च्या डॅनी एल्फमनला १९८५ मध्ये मोठा चित्रपट मिळाला, आणि त्याच्या चाली ऑर्केस्ट्रासाठी मांडून देणारा स्टीव्ह बार्टेक हा त्याच्याच बँडचा गिटारवादक होता. ‘रेड हॉट चिली पेपर्स’मध्ये ड्रम वाजवणारा क्लिफ मार्टिनेझ, ‘रेडिओहेड’चा जॉनी ग्रीनवुड, २०११ मध्ये ऑस्कर घेणारे ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस. आपल्याकडे ‘पेंटाग्राम’चा विशाल ददलानी आहे, ‘इंडियन ओशन’ आहे. यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते: कुणी आपला आवाज घरी ठेवून गेलं नाही. कोपलँडनं ताल नेला, नॉफ्लरनं बोटांनी छेडलेली गिटार नेली, रेझ्नरनं स्टुडिओतला खरखरीत आवाज नेला. म्हणून पहिल्याच महिन्यात व्हायोलिनची महागडी सँपल लायब्ररी घ्यायची गरज नाही. हातात जो टोन आहे तो चित्रासमोर कसा ठेवायचा, तेवढंच आधी शिकायचं.

काम हातात घेण्याआधी एडिटरशी बोलायचं. दिग्दर्शक गोष्ट सांगेल, पण फाईल एडिटर देणार. पहिला प्रश्न: कट लॉक झालाय का, म्हणजे संकलन पक्कं झालंय का? ‘जवळपास झालाय’ हे उत्तर असेल तर फक्त चाली आणि टोन शोधावेत, चित्राला नेमकं काही बसवायला जाऊ नये. दुसरा प्रश्न फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) धावतात त्याचा. चित्रपट २४ फ्रेमवर, टीव्हीचं काम २५ वर, आणि मिररलेस कॅमेऱ्यावर शूट झालेल्या शॉर्ट फिल्म पुष्कळदा २३.९७६ वर असतात, ज्याला सगळे तोंडानं ‘२४’च म्हणतात. हा फरक हजारात एक एवढाच आहे, पण दहा मिनिटांत तो ०.६ सेकंद होतो, म्हणजे जवळजवळ १४ फ्रेम. शेवटच्या प्रसंगातली थाप तेवढी आधी किंवा नंतर पडते आणि कारण कुणाला सापडत नाही. २४ ची फिल्म २५ वर चालवली गेली तर दहा मिनिटांत २४ सेकंद जातात, ते निदान लगेच दिसतं. सँपल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बँडच्या डेमोची सवय ४४.१ ची असते. ४४.१ ची फाईल रूपांतर न करता ४८ वर वाजली तर ती जवळपास नऊ टक्के पळते आणि पाऊण सूर वर चढते, म्हणजे गिटार बेसूर झाल्याचा भास होतो. बिचारा वादक ट्यूनर तपासत बसतो आणि दोष सेटिंगमध्ये असतो.

एडिटरकडून फाईल मागवताना चित्रावर टाइमकोड, म्हणजे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा आकडा, छापून घ्यायचा. चित्र ०१:००:००:०० ला सुरू व्हावं आणि त्याआधी बरोबर दोन सेकंद, म्हणजे ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा ‘टू-पॉप’ असावा, एक किलोहर्ट्झची टिंग. पुढं दहा जणांच्या कॉम्प्युटरवरून फाईल फिरते तेव्हा सगळे त्या टिंगेवर जुळतात. संवाद, इफेक्ट आणि टेम्प म्युझिक (एडिटरनं तात्पुरतं लावलेलं संगीत) वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत, म्हणजे टेम्प बंद करून संवाद ऐकता येतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फिल्मवर काम सुरू करू नये, दाबताना तिचा फ्रेम रेट हलू शकतो. ‘प्रोरेस प्रॉक्सी’ किंवा ‘डीएनएक्सएचडी’ मागावं. या फाईली मोठ्या असतात, पण मागं-पुढं सरकवताना जुन्या लॅपटॉपवरही अडकत नाहीत. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. ‘रीपर’ ६० डॉलरच्या वैयक्तिक परवान्यात मिळतं, व्हिडिओ दाखवतं आणि टेम्पो मॅप, म्हणजे ठोक्यांचा आराखडा, करू देतं, सुरुवातीला पुरेसं आहे.

मग स्पॉटिंग. दिग्दर्शक आणि शक्य तर एडिटर शेजारी बसवून पूर्ण फिल्म थांबत थांबत बघायची आणि संगीत कुठं सुरू होतं, कुठं संपतं, का येतं हे लिहायचं. तुकड्यांना नंबर द्यायचे: १एम१ म्हणजे पहिल्या रीलमधला पहिला तुकडा, १एम२ दुसरा. प्रत्येकापुढं सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, आणि एका वाक्यात कारण. ‘दुःख’ असं लिहिलेलं कारण कामाचं नसतं. पडद्यावरची बाई रडत असेल तर दुःख दिसतंच आहे. ‘त्याला कर्जाचं कळलंय, तिला अजून नाही’ हे कारण कामाचं, कारण मग संगीत कुणाच्या बाजूचं ते ठरतं. दोन तासांच्या चित्रपटात साधारण ४० ते ७० मिनिटं संगीत निघतं, दिवसाला पक्कं होऊन हाती लागतं ते दोन-तीन मिनिटं. तारीख कबूल करण्याआधी हा भागाकार करून बघावा.

सुरुवातीच्या जागेबद्दल एक सांगायलाच हवं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘मी ते वावर काल सावकाराला...’ इथपर्यंत काहीच ठरत नाही. ‘दिलं’ की ‘दिलं नाही’ हे शेवटच्या शब्दांत कळतं. शिवाय आपल्याकडच्या बोलीत तो शेवट खाली उतरतो, ‘करायलंय’, ‘जायलेत’ असा अर्धा गिळला जातो. परदेशी स्कोअर ऐकून शिकलेला माणूस वाक्याच्या मध्यावर पॅड, म्हणजे लांब धरलेल्या सुरांचा थर, सुरू करतो आणि नेमका तो शब्द बुडतो. म्हणून मी संगीत वाक्याआधीच्या शांततेत सुरू करतो किंवा शेवटचा शब्द पूर्ण पडून गेल्यावर चार-सहा फ्रेमनंतर. वाक्याच्या पोटात कधीच नाही.

टेम्प ट्रॅकचं काय करायचं? एकदा पूर्ण ऐकायचा, त्याचा टेम्पो, दाटी आणि कुठं थांबतो ते लिहून घ्यायचं आणि बंद करायचा. दिग्दर्शक महिनोन् महिने त्याच्यासोबत कट बघत आलेला असतो, त्याला तो आवडतो यात नवल नाही. त्याला त्यातलं नेमकं काय आवडतं हे विचारावं. बहुतेक वेळा उत्तर वेगाबद्दल असतं, सुरांबद्दल नसतं. वेग ठेवायचा, बाकी आपलं करायचं. चाल उचलली तर पुढं कायद्याची अडचण आहेच, आणि ती चाल दुसऱ्या चित्रासाठी शिवलेली असते हीही.

आता घड्याळाचं गणित, कारण रॉकवाल्यांची खरी परीक्षा इथं आहे. २४ फ्रेमवर एका ठोक्याला किती फ्रेम? १४४० भागिले बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. १२० ला १२ फ्रेम, ९६ ला १५, ९० ला १६, ८० ला १८, ७२ ला २०. हे टेम्पो फ्रेमवर स्वच्छ बसतात. २५ वर काम असेल तर १४४० च्या जागी १५००. समजा तुकडा सुरू झाल्यापासून ३७.५ सेकंदांनी मुलगा विहिरीच्या कठड्यावर हात ठेवतो आणि तिथं नवी सम हवी. १२० च्या वेगानं ३७.५ सेकंदांत ७५ ठोके होतात. चार ठोक्यांचा एक बार या हिशेबानं १८ बार म्हणजे ७२, उरले तीन. सम एकोणिसाव्या बारच्या चौथ्या ठोक्यावर पडते, चुकीच्या जागी. दोन वाटा आहेत. टेम्पो बदलायचा: ७६ ठोके ३७.५ सेकंदांत बसवायचे तर ६० गुणिले ७६ भागिले ३७.५, म्हणजे १२१.६. हा फरक कुणाच्या कानाला लागत नाही. किंवा टेम्पो तोच ठेवून एकोणिसावा बार तीन ठोक्यांचा करायचा, म्हणजे विसावा बार बरोबर हातावर येतो.

दोन जागा पकडायच्या असतील तर दुसरी वाट बरी. २१ सेकंदांवर एक आणि ३७.५ वर दुसरी असं धरू. २१ सेकंदांत ४२ ठोके: दहा बार आणि एक दोन ठोक्यांचा. तिथून पुढं ३३ ठोके: सात बार चार-चारचे आणि एक पाचाचा. हा पाचाचा बार कुठं लपवायचा हे चित्र सांगतं, कॅमेरा सरकत असतो किंवा माणूस चालत असतो तिथं तो खपतो. स्थिर क्लोज-अपवर खपत नाही, तिथं पाय आपोआप मोजत असतो. प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) वाजवलेल्या ड्रमरला हे काम फार छान येतं. सात आणि पाच त्याच्या अंगात मुरलेले असतात. आठ बारच्या रिफची, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या ओळीची, सवय असलेल्या गिटारवाल्याला जास्त झगडावं लागतं, कारण त्याचा हात आपोआप आठव्या बारला घरी परततो. उपाय म्हणजे रिफ तोडून तिचे दोन-दोन ठोक्यांचे तुकडे पाडायचे आणि ते वाटेल तिथं जोडता येतात का ते वाजवून बघायचं.

थाप कटाच्या फ्रेमवर पडावी का? माझ्या कानाला एक ते तीन फ्रेम उशिरा पडलेली बरी वाटते. कटाच्या आधी पडली तर संगीताला गोष्ट आधीच ठाऊक होती असं वाटतं. थिएटरमध्ये आवाजाला एका फ्रेमच्या वेळात साधारण १४ मीटर जाता येतं, म्हणजे मागच्या रांगेला आणखी एक-दोन फ्रेम उशीर होतोच. आणि सगळ्याच जागा पकडू नयेत. दार, पाऊल, मान वळवणं असं प्रत्येक गोष्टीवर वाजवलं की चित्र पोरखेळ दिसायला लागतं. दीड मिनिटाच्या तुकड्यात एक, फार तर दोन.

दिग्दर्शकाकडून हमखास येणारी तक्रार अशी असते: ‘दादा, गिटार लई पुढं यायलीय, पोरगी काय बोलायलीय ते कळंना.’ यावर फेडर खाली ओढणं हे चुकीचं औषध आहे. कारण समजून घ्यावं. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला बोलते, पण डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलं की तिचे वरचे स्वरांश एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दाटीनं भरतात. माणसाचं बोलणं कळतं ते मुख्यतः याच पट्ट्यामुळं, ट, च, क यांचे फटकारे तिथंच असतात. शिवाय डिस्टॉर्शन आवाजाला सपाट करतं. संवाद वर-खाली होतो, गिटार भिंतीसारखी एकसारखी राहते. ती सहा डेसिबलनं कमी केली तरी शब्दांमधल्या बारीक फटी भरूनच टाकते, आणि तोवर गिटारची ताकद मात्र गेलेली असते.

म्हणून जागा बदलायची. संवादाखाली डिस्टॉर्शन हवंच असेल तर खालच्या दोन तारांवर, बोटांनी किंवा तळव्यानं दाबून वाजवायचं आणि हजार-बाराशे हर्ट्झच्या वर लो-पास लावून कापायचं. मग तो आवाज गुरगुरीसारखा राहतो आणि शब्द मोकळे राहतात. दुसरा रस्ता, पिकचा फटका काढून टाकायचा. ई-बो (तार चुंबकानं हलती ठेवणारं यंत्र), व्हॉल्यूम पेडल, स्लाइड, तारेवर व्हायोलिनचा गज, यातल्या कशानंही स्वर हळू उगवतो आणि ट-च शी भांडत नाही. तिसरा, वाक्यांच्या मधल्या जागेत वाजवायचं. त्यासाठी संवादाचा ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून लेखनच तसं करावं लागतं. चौथा, गिटारचे दोन थर करायचे: पोताचा आणि सुरावटीचा. संवाद आला की सुरावट थांबते, पोत चालू राहतो. झांजा आणि राइड सिम्बल संवादाखाली सरळ काढून टाकाव्यात, त्या स आणि श खातात.

डिलेचा, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टचा, वेळ टेम्पोला बांधायचा: ६०,००० भागिले बीपीएम इतके मिलिसेकंद. ८० ला ७५०, डॉटेड आठवा, म्हणजे पाऊण ठोका, हवा तर ५६२.५. संवादाखाली डिलेचे प्रतिध्वनी स्वतःच एक ताल तयार करतात आणि वादकाला हात कमी चालवावा लागतो. रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची, शेपटी पुढच्या प्रसंगात किती जाते ते टाइमकोडवर मोजून लिहावं. दुपारच्या उन्हातल्या शेतावर मागच्या रात्रीच्या खोलीची शेपटी ऐकू येते तेव्हा प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पॉवर कॉर्ड हे रॉकचं पार्श्वसंगीताला मोठं देणं आहे. त्यात षड्ज आणि पंचम असतात, गंधार नसतो. म्हणून तो आनंदी की दुःखी हे ठरत नाही, आणि चित्राला स्वतःचं म्हणणं मांडायला मोकळीक मिळते. पूर्ण प्रसंग पंचमावर काढून गंधार एकाच ठिकाणी, बातमी कळते तिथं, आणता येतो.

इथं घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी वीज. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं कागदावर असतं. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. सिंगल कॉइल पिकअपची गिटार लावली की ५०, १०० आणि १५० हर्ट्झची गुणगुण येते. बँडमध्ये ती ड्रमखाली झाकली जाते. रात्रीच्या शांत प्रसंगात गिटारचा एकच स्वर आठ सेकंद लांबतो तेव्हा उघडी पडते. अर्थिंगचा खड्डा आधी नीट करून घ्यावा. शिवाय हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप, वापरावा, कॉम्प्युटरच्या पडद्यापासून दूर बसून गिटार हळूहळू फिरवत गुणगुण सगळ्यात कमी होते ती दिशा धरावी. लोडशेडिंगसाठी घरात असलेला साधा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची घरघर फिल्टरनं जात नाही, कारण ती सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. प्युअर साइन वेव्हचा घ्यावा, नाहीतर लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसवर काम करावं.

गिटारचा डीआय ट्रॅक, म्हणजे ॲम्पशिवायचा कोरा सिग्नल, नेहमी सोबत नोंदवून ठेवायचा. दिग्दर्शकानं दोन महिन्यांनी टोन बदलायला सांगितला तर पुन्हा वाजवावं लागत नाही, तोच सिग्नल ॲम्पमधून किंवा प्लग-इनमधून पुन्हा काढता येतो. लग्नसराईत याचा दुसरा फायदा: गल्लीच्या टोकाला डीजे वाजत असला तरी डीआयवर काम चालू राहतं. माईक लावायचं काम मात्र रात्री एक ते पाचमध्येच. पत्र्याच्या छताची खोली टाळावी. ऊन उतरताना पत्रा आकसतो आणि टक-टक वाजतो, पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. कूलर बंद करावा लागतो, म्हणून टेक लहान घ्यायचे आणि मध्ये खोली थंड करून घ्यायची.

भिंतींसाठी अंड्यांचे ट्रे लावू नयेत, ते जवळजवळ काहीच शोषत नाहीत. बॉयलरच्या पाइपांना उष्णतेसाठी लावतात तो रॉकवूल चालतो, वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूला इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे विचारावं. १०० मिलिमीटर जाडी, घनता घनमीटरला ४८ ते ६० किलोच्या आसपास, कापडात गुंडाळून भिंतीपासून १०० मिलिमीटर लांब उभा केला की खालचे स्वरही आटोक्यात येतात. तेवढे पैसे नसतील तर कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्यात, बोलण्याच्या पट्ट्यासाठी त्या बऱ्या.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात हवा इतकी कोरडी होते की गिटारचं लाकूड आकसतं. फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात, मान मागं जाते आणि तारा फ्रेटला लागून झरझर वाजतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवायची, दोन दिवसांनी पुन्हा ओला करायचा. चित्रपटाचं काम महिनोन् महिने चालतं आणि मार्चमध्ये वाजवलेली ओळ जूनमध्ये त्याच टोननं पुन्हा वाजवावी लागते, म्हणून ही काळजी. तारांचा गेज, पिकअपची निवड, पेडलच्या नॉबचे फोटो, सगळं तुकड्याच्या नंबरासोबत ठेवावं.

इथं राहून काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा वाद्यांचा आहे. तुळजापूरच्या वाटेवरचे गोंधळी, संबळ, तुणतुणं, हलगी, दिमडी, भजनी मंडळातला पखवाज, हे सगळं हाकेच्या अंतरावर. तुणतुण्याची एकच तार आणि रॉक गिटारची मोकळी खालची तार यांचा स्वभाव एकच, दोघी एका स्वरावर ताल धरतात. दोन्ही एका सुरात लावून तुणतुण्यावर डिले टाकला तर सिंथशिवाय धडधड उभी राहते.

सूर आधी जुळवायचा. गिटारचा मोकळा ई म्हणजे पांढरी तीन; अर्धा सूर खाली लावली की काळी दोन. गाणारे काळी दोनमध्ये असतील तर गिटार अर्ध्यानं उतरवावी, कॅपोच्या खटपटीत पडू नये. गावच्या पेटीचा सूर ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. आधी पेटीचा ‘सा’ ट्यूनरवर मोजायचा, मग ट्यूनरचा संदर्भ ४३६ किंवा ४४४, जो निघेल त्यावर ठेवून गिटार लावायची. चित्रीकरणात प्रत्यक्ष वाजलेलं भजन असेल तर त्याचाही सूर मोजावा, म्हणजे पुढचा तुकडा त्याच्याशी भांडत नाही.

गोंधळ्यांना क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका, देऊ नये. त्यांचा ताल श्वासासारखा सैल-घट्ट होतो आणि तिथंच त्याची जादू आहे. त्यांना मोकळं वाजवू द्यायचं, मग रेकॉर्डिंगवर एक-एक ठोका खुणावून टेम्पो मॅप तयार करायचा आणि गिटार त्या मॅपवर वाजवायची. क्लिक टाळताच येत नसेल तर टुक-टुक आवाजाऐवजी त्यांच्याच झांजेची दोन आवर्तनं नोंदवून, ती फिरवून एका कानात द्यावीत, बंद हेडफोनवर. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते आणि थंड झाली की कातडं उतरतं, म्हणून शेकोटी जवळ पण माईकपासून दूर, आणि टेक लागोपाठ. तिचा फटका फार टोकदार असतो: डायनॅमिक माईक, एक ते दीड मीटर अंतर, गेन इतका कमी की सगळ्यात मोठा फटका उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये.

मानधन त्याच दिवशी हातात आणि परवानगी कागदावर, मराठीत. वादकाला त्याच्या वादनावर कायद्यानं ५० वर्षांचा हक्क आहे, ते त्याला वाचून दाखवावं. परंपरेनं चालत आलेला गोंधळ कुणाच्या मालकीचा नाही, पण शाहिरांच्या रचनांचं तसं नाही. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. भीमगीत घ्यायचं तर वारसांची लेखी परवानगी आधी.

रचना करताना स्पीकरची पातळी एकदाच ठरवायची. संवाद खोलीत कुणी समोर बसून बोलतंय एवढा ऐकू यावा, आणि मग तो नॉब हलवायचा नाही. बँडवाल्याचा हात दर तासाला आवाज वाढवतो, आणि मोठ्या आवाजात ऐकलेला बास थिएटरमध्ये जास्त किंवा कमी निघतो. आपल्या मास्टरवर लिमिटर लावून आवाज फुगवू नये. चित्रपटात एकूण पातळी मिक्सिंग इंजिनिअर ठरवतो, आणि त्याला वर-खाली करायला जागा लागते.

शेवटी स्टेम. पूर्ण मिक्सशिवाय ढोल-हलगी-ड्रम, बास, गिटारचा पोत, गिटारची सुरावट, पॅड, लोकवाद्यं, कंठ अशा वेगवेगळ्या फाईली द्यायच्या, सगळ्या एकाच टाइमकोडला सुरू आणि एकाच ठिकाणी संपणाऱ्या, रिकामी जागाही तशीच ठेवून. प्रत्येक स्टेमचा रिव्हर्ब त्याच्याच आत. सगळे स्टेम एकत्र वाजवले की मूळ मिक्सच ऐकू यायला हवा. मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथं, कॉम्प्रेसर असेल तर तसं होत नाही, कारण तो सगळ्यांना मिळून दाबत होता. तपासायची सोपी रीत: मूळ मिक्सचा फेज उलटा करायचा आणि स्टेमसोबत वाजवायचा. शांतता झाली तर बरोबर, काही उरलं तर काय उरलं ते ऐकून दुरुस्त करायचं. फक्त एलएफईत (सबवूफरच्या चॅनलमध्ये) बास ठेवू नये, स्टिरिओत उतरवताना तो चॅनल बहुधा टाकून दिला जातो आणि टीव्हीवर बास गायब होतो. सेंटर चॅनल संवादासाठी मोकळा सोडावा.

लॉक झालेला कट पुन्हा हलतो, हे धरूनच चालावं. एडिटरकडून बदलांची यादी टाइमकोडसह घ्यायची, नुसता नवा व्हिडिओ घेऊन डोळ्यांनी फरक शोधत बसू नये. प्रोजेक्टमधल्या खुणा बारला न बांधता वेळेला बांधलेल्या असाव्यात, नाहीतर टेम्पो हलवला की सगळ्या जागा सरकतात. १८ फ्रेम कापल्या गेल्या तर ८० च्या वेगावर तो बरोबर एक ठोका आहे, बारमधला एक ठोका काढला की तुकडा बसतो. फ्रेमवर स्वच्छ बसणारे टेम्पो निवडण्यामागं हेही एक कारण आहे.

मिक्सिंगला पुण्या-मुंबईला जावं लागतं आणि जावंच. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं स्टेमच्या दोन प्रती घेऊन निघायचं, एक ड्राइव्ह सॅकमध्ये, दुसरा खिशात. थिएटरमध्ये संगीतकार हजर असला तर इफेक्ट आणि संगीत यांच्यात कुणी मागं सरायचं हे जागेवर ठरतं. पावसाचा आवाज आणि पॅड एकाच पट्ट्यात बसतात; तिथं पॅडचा स्टेम बंद करून तुणतुणं एकटं ठेवता येतं, हे फक्त ज्यानं ते बनवलंय त्यालाच चटकन सुचतं.

करारात किती मिनिटं, किती दुरुस्त्या फीमध्ये धरल्यात, री-कट झाला तर वेगळे पैसे की नाही, आणि वादकांचा खर्च कुणाचा, हे चार मुद्दे असलेच पाहिजेत. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं संगीतकाराला रॉयल्टीचा निम्मा वाटा मिळतो, चित्रपटगृहातल्या खेळांव्यतिरिक्तच्या वापरासाठी, आणि तो सोडून देण्याचं कलम करारात लिहिलेलं असलं तरी ते टिकत नाही. तो पैसा गोळा करण्यासाठी आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचं सभासदत्व घ्यावं. त्यानंतर लागते क्यू शीट: प्रत्येक तुकड्याचा नंबर, लांबी मिनिट-सेकंदांत, संगीतकार, प्रकाशक, आणि तो पात्रांना ऐकू येणारा आहे की फक्त प्रेक्षकांना. ही यादी संगीतकारानं स्वतः करून स्टेमसोबतच निर्मात्याला द्यावी आणि पोहोच घ्यावी. चित्रपट लागून गेल्यावर ती जुळवायला लागलं तर एडिटरचा ड्राइव्ह दुसऱ्या कामात गेलेला असतो आणि लांब्या पुन्हा मोजायला अंतिम प्रतही हाताशी नसते.